देवाचें खातें : कॅथॉलिक व्यापाऱ्यांचें ईश्वरार्पण आणि सोलापूरची पेठ

व्यापाऱ्याची जुनी वही उघडली कीं पहिल्या पानाच्या माथ्यावर 'श्री' हें अक्षर दिसतें, हें सोलापूरच्या पेठेंत वाढलेल्या मनुष्यास सांगावयास नको. याच शहरांत १८७७ सालीं पहिली कापडगिरणी सुरू झाली, आणि तिच्या मागून उभ्या राहिलेल्या गिरण्यांपैकीं दोहोंस लक्ष्मी आणि विष्णु हीं नांवें मिळालीं. नजीकचा सहकारी साखर कारखाना ग्रामदैवत सिद्धेश्वराच्या नांवानें ओळखला जातो. धंद्यावर देवाचें नांव घालण्याची ही चाल आपल्या इतक्या अंगवळणीं पडली आहे कीं तिचा अर्थ काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. नांव दिल्यानें धंदा देवाचा होतो काय ? होत असल्यास त्यांतील कोणता भाग देवाचा, आणि तो देवापर्यंत कोणत्या वाटेनें पोंचतो ?

या प्रश्नाचें उत्तर प्रस्तुत लेखांत आम्हीं मुद्दाम परक्या दप्तरांतून शोधण्याचें योजिलें आहे. युरोपांतील कॅथॉलिक व्यापाऱ्यांनीं आपला धंदा देवास वाहण्याच्या नाना रीती कित्येक शतकें चालविल्या, आणि त्यांच्या वह्या, करारपत्रें व मृत्युपत्रें मोठ्या संख्येनें टिकून राहिलीं आहेत. भक्तीचा दावा आणि जमाखर्चाचा आंकडा हे दोन्ही तेथें एकाच पानावर वाचावयास मिळतात. तो पुरावा समोर ठेवून मग आपल्या पेठेकडे वळणें, हाच या लेखाचा क्रम आहे.

१. शब्दांचा निर्णय

प्रथम परिभाषा निश्चित केली पाहिजे. कॅथॉलिक धर्मांत ज्यास सामान्यतः 'देवास वाहणें' म्हणतात त्यांत तीन निरनिराळ्या क्रिया येतात. पहिली पवित्रीकरणाची. वेदी, चर्चची इमारत किंवा पूजेचा पेला यांवर ती होते, आणि एकदां झाली म्हणजे ती वस्तु लौकिक वापरास अयोग्य ठरते. दुसरी आशीर्वादाची. हिच्यानें वस्तु लौकिकच राहते, फक्त तिच्या वापरावर ईश्वरी कृपेची प्रार्थना होते. १६१४ सालीं पांचवा पोप पॉल याच्या आज्ञेनें 'रोमन रिच्युअल' हा विधिग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या पुढील आवृत्त्यांत मासेमारीची होडी, चुन्याची भट्टी, रेशमाचे किडे, आगगाडी आणि तारायंत्र यांच्यासाठींहि आशीर्वादाचे स्वतंत्र विधि आहेत. तिसरी क्रिया समर्पणाची. ती वस्तूवर घडत नाहीं, धन्याच्या मनांत घडते.

आमच्या परिभाषेंत बोलावयाचें तर या तीन क्रिया अनुक्रमें प्रतिष्ठा, प्रोक्षण आणि संकल्पपूर्वक त्याग यांच्या जवळ येतात. दुकानाची प्रतिष्ठा होऊं शकत नाहीं, कारण मग त्यांत विक्रीच करतां येणार नाहीं. त्याचें प्रोक्षण सहज होतें, पण त्यानें मालकी बदलत नाहीं. म्हणून धंदा देवास वाहणें या शब्दप्रयोगास खरा अर्थ येतो तो तिसऱ्या क्रियेनेंच, आणि तीच सर्वांत अदृश्य असल्यामुळें तिची परीक्षा अवघड.

२. संशयाच्या छायेंतील व्यापारी

आरंभीं तर व्यापारी स्वतःच देवाच्या दारांत संशयित होता. येशूनें मंदिरांतून विक्रेत्यांस हांकलून दिलें, ही कथा प्रत्येक धर्मोपदेशकाच्या तोंडीं असे. इ. स. ११४० च्या सुमारास ग्रेशियन यानें जो धर्मनियमांचा संग्रह केला, त्यांत शिरलेल्या एका वचनाचा आशय असा कीं व्यापाऱ्यानें देवास संतुष्ट करणें जवळजवळ अशक्य. तेराव्या शतकांत थॉमस अॅक्वायनस यानें हा निर्बंध शिथिल केला. कुटुंबाच्या पोषणासाठीं किंवा दीनांच्या साहाय्यासाठीं घेतलेला माफक नफा निर्दोष होय, असें त्यानें प्रतिपादिलें. म्हणजे नफ्याचा दोष नफ्यांत नसून त्याच्या उद्देशांत आहे, असा निर्णय झाला.

परंतु शास्त्राच्या आधीं लोकव्यवहारानें वाट काढली होती. उत्तर इटलींतील क्रेमोना शहरीं होमोबोनस नांवाचा शिंपी व कापडाचा व्यापारी होता. नांवाचा अर्थच 'भला माणूस'. सचोटीचा धंदा आणि गरिबांस मुक्तहस्तानें दान, एवढेंच त्याचें चरित्र. १३ नोव्हेंबर ११९७ रोजीं प्रार्थना चालू असतांना तो चर्चमध्येंच मरण पावला, आणि जानेवारी ११९९ मध्यें तिसरा पोप इनोसंट यानें त्यास संतपद दिलें. तो राजा नव्हता, मठवासी नव्हता, धर्मासाठीं त्यानें प्राणहि दिले नव्हते. विवाहित कापडविक्या संत झाला, ही त्या काळीं अपूर्व गोष्ट होती, आणि व्यापाऱ्यांचा व शिंप्यांचा कैवारी संत म्हणून तो आजहि मानला जातो.

वाचकांनीं येथें काळाकडे लक्ष द्यावें. याच बाराव्या शतकांत सोलापुराहून फार दूर नसलेल्या कल्याणीस बसवेश्वरांच्या भोंवतीं शिवशरणांचा मेळा जमला होता, आणि सोलापुरांत, म्हणजे त्या वेळच्या सोन्नलगींत, सिद्धरामेश्वर तलाव खोदवीत होते. कायक म्हणजे श्रम हीच पूजा आणि दासोह म्हणजे श्रमाचें फळ समाजास अर्पण, हीं त्या पंथाचीं दोन चाकें. क्रेमोना व कल्याणी यांचा परस्परांशीं कांहीं संबंध होता असें आमचें म्हणणें नाहीं. पण बाजारपेठा वाढूं लागल्या कीं हात काळे करणाऱ्या माणसास देवाच्या घरीं जागा आहे कीं नाहीं हा प्रश्न उठतोच, आणि तो दोन्हीकडे जवळजवळ एकाच काळीं उठला, एवढें खास.

३. देव भागीदार होतो

यानंतर आपण फ्लॉरेन्सच्या पेढ्यांकडे येतों. चौदाव्या शतकाच्या आरंभीं बार्दी आणि पेरुत्सी या तेथील सर्वांत मोठ्या पेढ्या. त्यांच्यासारख्या पेढ्यांच्या वह्यांत इतर भागीदारांप्रमाणेंच एक खातें 'मेस्सेर दोमेनेद्दियो' या नांवानें उघडलेलें असे. 'मेस्सेर' ही प्रतिष्ठित गृहस्थास लावावयाची उपाधि. म्हणजे आपल्याकडे 'श्रीमंत देवजी' असें कोणी खतावणींत लिहावें तसें तें झालें. नफ्याची वांटणी झाली कीं या खात्यावर देवाचा भाग जमा होई व तो गरिबांस वांटला जाई.

या एका नोंदींत मोठा अर्थ आहे. दान हें धन्याच्या मर्जीवर असतें. दिलें तर दिलें. खातें उघडल्याबरोबर मर्जी संपते आणि देणें सुरू होतें. देव हा याचक न राहतां धनको होतो. शिवाय भागीदार म्हटला कीं नफ्याबरोबर तोटाहि आला. याज्ञवल्क्यस्मृतींत एकत्र व्यापार करणाऱ्यांचा लाभ व हानि भागाप्रमाणें सांगितली आहे. तोच न्याय येथें लावला तर पेढीच्या बुडण्यांत गरीबहि बुडाले. १३४३ मध्यें पेरुत्सी व १३४६ मध्यें बार्दी या दोन्ही पेढ्यांचें दिवाळें वाजलें. देवाचें नांव वहींत असल्यानें त्या वांचल्या नाहींत. ज्यांस देवाचा भाग हा विम्याचा हप्ता वाटतो त्यांनीं हें उदाहरण लक्षांत ठेवावें.

सौद्याच्या वेळींहि देव साक्षीस असे. व्यवहार ठरतांना जें लहानसें नाणें हातावर ठेवीत त्यास 'देवाचा पैसा' म्हणत, आणि तो बहुधा धर्मकृत्यास जाई. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजानें १३०३ सालीं परदेशी व्यापाऱ्यांस जी सनद दिली, तींत हा पैसा दिल्याघेतल्यावर कोणासहि सौदा मोडतां येणार नाहीं असें कलम आहे. आमच्या स्मृतींतील 'सत्यंकार' व बोलीतील 'इसार' यांचें हें भावंड. फरक इतकाच कीं इसार विकणाऱ्याच्या खिशांत जातो, देवाचा पैसा दोघांच्याहि हातून निसटतो.

प्रातो येथील फ्रान्चेस्को दातीनी या व्यापाऱ्याचें दप्तर तर अद्भुत आहे. सुमारें दीड लक्ष पत्रें व पांचशेंवर हिशेबाच्या वह्या आज उपलब्ध आहेत. वहीच्या माथ्यावर देव व नफा यांचीं नांवें तो एकाच ओळींत जोडून लिहीत असे. आईबाप १३४८ च्या महामारींत गेले, धंदा आविन्यों येथें वाढला, आणि लापो मात्सेई नांवाचा लेखप्रमाणक मित्र त्यास लोभाबद्दल बोल लावीत राहिला. १४१० सालीं मरतांना दातीनीनें सुमारें सत्तर हजार सुवर्णनाणीं गरिबांच्या संस्थेस दिलीं. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं त्या संस्थेचा कारभार चर्चच्या अधिकाऱ्यांकडे न जातां नगराच्या पंचांकडे असावा, अशी त्यानें व्यवस्था केली. देवास दिलेलें द्रव्य पुजाऱ्याचें होत नाहीं, हें या धूर्त वृद्धास चांगलें समजत होतें.

हिशेबाच्या शास्त्रावरहि ही छाप पडली. लुका पाचोली हा फ्रान्सिस्कन पंथाचा साधु. दुहेरी नोंदीच्या पद्धतीचें पहिलें छापील विवेचन त्यानें १४९४ सालीं व्हेनिस येथें प्रसिद्ध केलें. त्यांत तो सांगतो कीं पहिल्या वहीवर क्रुसाची खूण करावी आणि पुढील वह्यांस अक्षरक्रम द्यावा. आमच्या 'श्री'चें आणि त्या क्रुसाचें स्थान एकच, पानाचा माथा.

४. मीमांसकांचा आक्षेप

येथें एक शंका उभी राहते, व ती आमच्याच शास्त्रकारांनीं फार पूर्वीं तीक्ष्णपणें मांडली आहे. जैमिनिसूत्रांवरील भाष्याच्या नवव्या अध्यायांत शबरस्वामी विचारतात कीं देवाचा गांव, देवाचें शेत असें लोक बोलतात, पण देवता त्या गांवाचा उपभोग घेते काय ? ज्या वस्तूचा आपल्या इच्छेप्रमाणें विनियोग करतां येतो ती आपली. देवता असा विनियोग करतांना दिसत नाहीं, म्हणून तें बोलणें औपचारिक. हा आक्षेप मान्य केला तर देवाचें खातें हें केवळ शब्दांचा खेळ ठरतें.

परंतु त्याच मीमांसकांनीं यागाचें लक्षण देवतेस उद्देशून द्रव्याचा त्याग असें केलें आहे. भर देवतेच्या घेण्यावर नाहीं, यजमानाच्या सोडण्यावर आहे. 'न मम' हा उच्चार झाला कीं आहुति यजमानाची राहत नाहीं. फ्लॉरेन्सच्या हिशेबनिसानें शबरभाष्य वाचलें नव्हतें, पण त्यानें नेमकें हेंच केलें. देव उपभोग घेत नाहीं हें ठाऊक असल्यामुळें त्यानें उपभोगास गरीब उभा केला, आणि आपल्या बाजूनें 'न मम' वहींत लिहून टाकलें.

शिवशरणांच्या परंपरेंत यापुढचें पाऊल आढळतें. आयदक्की मारय्या हा सांडलेले तांदूळ वेंचून आणी व त्यांतून दासोह चाले. एके दिवशीं त्यानें नेहमींपेक्षां अधिक तांदूळ आणले, तेव्हां पत्नी लक्कम्मा हिनें ते परत टाकून येण्यास सांगितलें, अशी कथा आहे. गरजेपेक्षां अधिक गोळा करून मग त्यांतून दान करणें तिला मान्य नव्हतें. दातीनीनें आयुष्यभर सांठविलें व अखेरीस दिलें. लक्कम्मेनें सांठवूंच दिलें नाहीं. व्यापार करणाऱ्यास दुसरी वाट पूर्णपणें पाळतां येणार नाहीं, हें आम्ही मान्य करतों. पण देवाचा भाग किती, याच्या आधीं एकूण मिळकत कशी झाली हें विचारावें लागतें, हा तिचा धडा कोणत्याहि वहीच्या आरंभीं लिहिण्यासारखा आहे.

५. नांव एकाचें, माल दुसऱ्याचा

ही कथा आतां आपल्या किनाऱ्याकडे येते. पोर्तुगीज जहाजांस संतांचीं व देवाचीं नांवें देण्याची रीत होती. वास्को द गामा १४९८ मध्यें आला तो 'सांव गाब्रिएल' या जहाजानें. २००८ सालीं आफ्रिकेच्या नामिबिया देशाच्या किनाऱ्यावर हिरे खणतांना एका जुन्या जहाजाचे अवशेष सांपडले. १५३३ मध्यें लिस्बनहून हिंदुस्थानाकडे निघून हरवलेलें 'बों जेझुश' म्हणजे 'भला येशू' हेंच तें, असें संशोधक मानतात. त्यांत दोन हजारांवर सोन्याचीं नाणीं होतीं, आणि तांब्याच्या लगडींवर आउग्सबुर्ग येथील फुगर पेढीचें त्रिशूळाच्या आकाराचें चिन्ह होतें. जहाजाच्या कपाळीं येशूचें नांव, मालाच्या कपाळीं सावकाराची खूण. नांव आणि स्वामित्व यांतील अंतर याहून स्पष्ट क्वचितच दिसेल.

तरी फुगरांवर अन्याय करतां नये. याकोब फुगर याच्या पेढींत नगराचा संरक्षक संत उल्रिख याच्या नांवाचें खातें होतें, आणि १५२१ मध्यें त्यानें गरीब कॅथॉलिकांसाठीं घरांची जी वसाहत केली ती आजहि चालू आहे. वर्षाचें मूळ भाडें एक गुल्डन होतें. तेवढ्याच मोलाची, एका युरोहूनहि कमी, रक्कम आज घेतली जाते. संस्थापकाच्या आत्म्यासाठीं रोज तीन प्रार्थना म्हणणें ही रहिवाशांवरील अट. पण याच पेढीच्या कर्जाची फेड पापक्षमेच्या पत्रांच्या विक्रींतून होत होती, आणि त्या विक्रीविरुद्ध १५१७ मध्यें मार्टिन ल्यूथर उठला. देवाचें खातें एका वहींत प्रामाणिक असतां दुसऱ्या वहींत देवाचाच बाजार मांडला जाऊं शकतो.

गोव्यांत तर समर्पण सक्तीचें झालें. तेथील गांवकरी संस्था गांवच्या उत्पन्नांतून देवळाचा खर्च भागवीत. सोळाव्या शतकांत देवळें पाडलीं गेलीं तेव्हां त्यांच्या जमिनींचें उत्पन्न राजाज्ञेनें चर्चकडे वळविण्यांत आलें. शेत तेंच, कुळ तेंच, खात्याचा धनी बदलला. ज्यानें 'न मम' म्हटलेंच नाहीं त्याच्या द्रव्यास समर्पण म्हणणें भाषेचा अपमान होय.

आणि तरीहि त्याच मातींत खरें समर्पण उगवलें. गोव्यांत ऑगस्ट महिन्यांत 'कोणशांचें फेस्त' होतें. नव्या भाताचीं कणसें चर्चमध्यें नेऊन आशीर्वाद घेतल्यावांचून नवें अन्न खावयाचें नाहीं, ही त्यांतील भावना. साष्टींतील राय गांवीं हें फेस्त ५ ऑगस्टला असतें. मुंबई व वसईकडील ईस्ट इंडियन कॅथॉलिकांत 'आगेरा' या नांवानें हाच सण ऑक्टोबरांत होतो. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. चिमाजी आप्पानें ती जिंकल्यावर राज्य गेलें, पण शेतकऱ्याची पहिली लोंबी वेदीपुढें जाण्याची थांबली नाहीं. नव्या धान्याचा पहिला भाग देवास देऊन मग खाणें, ही आमचीहि जुनी रीत. येथें हिशेब नाहीं, पण क्रम आहे : आधीं तो, मग आम्ही.

६. गिरणी देवास वाहिली तर

आतांपर्यंतच्या सर्व उदाहरणांत देवाचा भाग नफ्यांतून निघतो. गिरण्यांच्या युगानें प्रश्न बदलला. शेंकडों मजुरांच्या श्रमावर चालणारा धंदा देवास वाहावयाचा तर मजुरांचें काय ?

याचें विचारपूर्वक उत्तर लेओं हार्मेल (१८२९ ते १९१५) या फ्रेंच गिरणीमालकानें दिलें. रेन्स शहराजवळ व्हाल-दे-ब्वा येथें त्याची लोंकर कांतण्याची गिरणी होती. गिरणीस त्यानें मरियेच्या आश्रयाखालीं ठेवलें, व 'गिरणीची माता' या नांवानें मरियेची भक्ति सुरू केली. १८७४ मध्यें गिरणी आगींत भस्म झाली. ती पुन्हां उभारली. इथपर्यंत हें आमच्या गिरण्यांच्या नांवांसारखेंच. पण तो तेथें थांबला नाहीं. १८८५ मध्यें त्यानें कामगारांच्या प्रतिनिधींचें मंडळ नेमून मजुरी, सुरक्षितता व शिस्त यांचा विचार त्यांच्याबरोबर करण्यास आरंभ केला. १८९१ मध्यें मोठ्या कुटुंबाच्या मजुरास मजुरीखेरीज पूरक रक्कम देणारा निधि काढला. कामगारांस घेऊन तो रोमच्या यात्रेस गेला; १८८९ च्या यात्रेंत सुमारें दहा हजार लोक होते.

१५ मे १८९१ रोजीं तेरावा पोप लिओ यानें 'रेरुम नोवारुम' हें पत्र काढलें. मजुराची वाजवी मजुरी बुडविणें हें स्वर्गाकडे सूडाची हांक मारणारें पाप आहे, हा जुना सिद्धान्त त्यानें गिरणीमालकांस उद्देशून पुन्हां सांगितला. त्याच पोपनें १८९९ च्या जून महिन्यांत सर्व मानवजात येशूच्या पवित्र हृदयास समर्पित केली, आणि पुढें १९०७ पासून घरांत त्या हृदयाचें चित्र सन्मानानें बसविण्याची चळवळ पसरली. चित्र बसविणें सोपें. पण आठ वर्षांपूर्वींचें पत्र आणि हें समर्पण एकाच हातचीं आहेत, हें विसरतां येत नाहीं. ज्या भिंतीवर चित्र तिच्याखालीं मजुरीचा तक्ता आहे, आणि देव आधीं तक्ता वाचतो, असा त्या दोहोंचा एकत्र अर्थ आम्ही करतों.

७. सोलापूरकडे

या सर्व इतिहासाचा निष्कर्ष आम्हांस असा दिसतो. समर्पणाच्या तीन पायऱ्या आहेत : नांव, खातें आणि स्वामित्व. नांव देण्यास कांहीं पडत नाहीं. खातें उघडल्यानें देणें उत्पन्न होतें. आणि धनी स्वतःस मुनीम समजूं लागला म्हणजे त्याचें समर्पण पुरें होतें, कारण मुनिमास मालाचा, मापाचा व माणसांचा, सर्वांचाच जबाब द्यावा लागतो.

आमच्या पेठा पहिल्या पायरीवरच थांबल्या होत्या असें मात्र नव्हे. हिंदुस्थानच्या बाजारांत बिलामध्यें 'धर्मादाय' म्हणून अल्पशी रक्कम वेगळी लावण्याची चाल फार जुनी. ती रक्कम व्यापाऱ्याचें उत्पन्न मानून तिजवर कर बसवावा काय, असा वाद बिजली कॉटन मिल्स या गिरणीच्या प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७९ च्या निवाडेसंग्रहांत प्रसिद्ध झालेल्या निर्णयांत न्यायालयानें ती रक्कम आरंभापासून धर्मकार्याच्या बंधनानें येते, म्हणून ती धंद्याचें उत्पन्न नव्हे, असें ठरविलें. शबरस्वामींच्या शंकेस आणि फ्लॉरेन्सच्या खात्यास आधुनिक कायद्यानें दिलेलें हें उत्तर होय. जें गिऱ्हाइकाकडून देवाच्या नांवें घेतलें, तें क्षणभरहि दुकानदाराचें नव्हतें.

लक्ष्मी आणि विष्णु या नांवांच्या सोलापुरांतील गिरण्या आज बंद आहेत. नांवानें त्यांस तारलें नाहीं, जसें बार्दींस तारलें नाहीं, आणि यांत देवाची कांहीं नामुष्की नाहीं. इतिहासाच्या अभ्यासकानें विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. त्या नांवांखालीं वह्यांत काय लिहिलें जात होतें ? धर्मादायाची बाकी कोठें गेली, दुष्काळाच्या सालीं तिचा आंकडा वाढला कीं घटला, मजुरीच्या पानावर काय दिसतें, सिद्धेश्वराच्या यात्रेस पेठेनें काय दिलें ? दातीनीच्या वह्या एका जिन्याखालच्या कोनाड्यांत शतकानुशतकें पडून राहिल्यानें वांचल्या. आमच्या वह्या मात्र दुकानें पाडतांना रद्दीच्या भावानें जात आहेत. ज्या घरांतून अशा लाल वेष्टणाच्या वह्या अजून माळ्यावर असतील, त्यांच्या धन्यांस आमची विनंति आहे कीं त्या विकण्यापूर्वीं धर्मादायाचें खातें तरी उघडून पाहावें, आणि तें एखाद्या संशोधन मंडळास नकलून घेऊं द्यावें. पानाच्या माथ्यावरील 'श्री' खरी होती कीं नाहीं, हें त्याच पानाच्या तळाशीं असलेल्या बेरजेवरून ठरणार आहे.